दलदल पडीक कोणी ठरविली?

२००८ मधील गोष्ट आहे. केंद्र शासनाच्या एका मंत्रालयात प्रकल्पांचे आर्थिक मूल्यमापन करणाऱ्या शाखेत मी काम करीत होतो. एका राज्याकडून एक प्रस्ताव आला. राज्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या राज्याचा कमी आणि माझा जास्त आहे. काहीशे हेक्टर जमिनीवर भराव घालून तेथे औद्योगिक वसाहत उभारावयाची होती. जोडपत्रात ‘जमिनीचा सध्याचा वापर’ या रकान्यात लिहिले होते, ‘पडीक, दलदलीची’. त्यापुढच्या ‘सध्याचे वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात शून्य होते.

अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मी ते शून्य जसेच्या तसे उचलले आणि कोष्टकात बसविले. ज्या जमिनीतून काहीच मिळत नाही ती गमावण्याचा खर्च शून्य, आणि मग लाभ-व्ययाचे गुणोत्तर उत्तम येणारच. तसे ते आले. मी अनुकूल टिपण लिहिले, वरिष्ठांनी ‘सहमत’ असा शेरा मारला, फाईल पुढे गेली. पुढे तीनेक वर्षांनी त्याच भागात दुसऱ्या कामासाठी जाण्याचा योग आला. भराव पूर्ण झाला होता, रस्ते आखले होते, आणि शेजारच्या गावांत आदल्या पावसाळ्यात कमरेइतके पाणी शिरले होते. पाणी पूर्वीही यायचे. मात्र त्याची विसाव्याची जागा आम्ही काढून घेतली होती. गावातील एका मास्तरांनी मला विचारले, ‘साहेब, ही मंजुरी देणाऱ्याने ही जागा पावसाळ्यात पाहिली होती का?’ मी पाहिली नव्हती. कोणत्याच महिन्यात पाहिली नव्हती.

तेव्हापासून ‘पडीक’ या शब्दावर माझा राग आहे, आणि तो राग आज येथे सविस्तर मांडणार आहे.

हा शब्द एखाद्या तलाठ्याच्या आळसातून आलेला नाही, त्याला वरून आधार आहे. केंद्राचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करतात. २००० पासून २०१९ पर्यंत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यात खडकाळ माळ, दऱ्याखोऱ्यांची धूप झालेली जमीन, वाळूच्या टेकड्या यांच्याच पंगतीत ‘पाणी साचलेली व दलदलीची जमीन’ हाही एक वर्ग आहे, आणि त्याचे ‘कायम’ व ‘हंगामी’ असे दोन पोटवर्गही आहेत. आता गंमत पाहा. पर्यावरण मंत्रालयासाठी अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ मध्ये पाणथळ जागांचा राष्ट्रीय नकाशासंग्रह तयार केला. त्यात देशातील पाणथळ क्षेत्र १,५२,६०,५७२ हेक्टर असल्याचे नोंदले गेले आणि हा देशाचा अमूल्य ठेवा असल्याचे मानले गेले. दोन्ही केंद्रे इस्रोचीच. एकाच आकाशातून, एकाच शासनाच्या उपग्रहांनी पाहिलेली दलदल एका मंत्रालयाच्या कपाटात निरुपयोगी जमीन असते आणि दुसऱ्या मंत्रालयाच्या कपाटात संपत्ती असते. जिल्हाधिकाऱ्यापुढे प्रस्ताव येतो तेव्हा यांपैकी कोणते कपाट उघडले जाते, हे वाचकांना सांगावयास नको.

आपली मराठी भाषाही या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नाही. राजकारणाची दलदल, कर्जाची दलदल, भ्रष्टाचाराची दलदल. दलदलीत माणूस रुततो, यापलीकडे तिच्याविषयी आपल्याला काही म्हणावयाचे नसते. घरापासून दूर असलेल्या वाचकांपैकी कित्येकजण मात्र प्रत्यक्ष दलदलीवरच राहत आहेत. कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये बिऱ्हाड असलेल्यांना गावाच्या नावातच उत्तर मिळेल. चेन्नईच्या दक्षिणेकडील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्यांनी पेरुंगुडीचा कचरा-डेपो पाहिला असेल. तो पळ्ळिकरणैच्या दलदलीत आहे. २०१५ च्या डिसेंबरातील चेन्नईचा पूर त्यांनी भोगलाही असेल. २०२२ मध्ये त्याच पळ्ळिकरणैचे नाव रामसर यादीत गेले. आधी कचरा, मग सन्मान, असा आपला क्रम आहे.

दलदल म्हणजे नेमके काय, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. उथळ पाणी साचलेल्या मातीत प्राणवायू फार कमी असतो. म्हणून तेथे वृक्ष सहसा टिकत नाहीत. पाणकणीस, लव्हाळे, देवनळ अशा वनस्पती टिकतात. त्यांच्या देठांत व मुळांत पोकळ्या असतात आणि पानांतून घेतलेली हवा त्या पोकळ्यांतून खाली मुळांपर्यंत पोहोचते. प्राणवायूच्या अभावी मेलेली पाने-मुळे पूर्ण कुजत नाहीत, ती थरावर थर साठत जातात. त्या थरांत पाणी मुरते, गाळ अडकतो, माशांची पिले लपतात, बगळे-पाणकोंबड्या पोसल्या जातात. हे सर्व पाठ्यपुस्तकात आहे. पण पाठ्यपुस्तकात सहसा ठळकपणे नसते, आणि प्रशासनात तर नसतेच नसते, ती गोष्ट अशी की दलदल पाण्यावर जगत नाही, पाण्याच्या चढ-उतारावर जगते. पाणी कायमचे ओसरले तर ती माळ होते हे सर्वांना समजते. पाणी कायमचे एकाच पातळीवर थांबविले तरीही ती मरते, हे समजावयाला मला मणिपूरला जावे लागले.

२०१० च्या फेब्रुवारीत एका आढाव्याच्या कामासाठी मी इंफाळला गेलो होतो. एक रविवार मोकळा मिळाला म्हणून मोइरांगला लोकटाक सरोवर पाहावयास गेलो. रामसर यादीत त्याचे क्षेत्र २६,६०० हेक्टर नोंदलेले आहे. सरोवरावर ‘फुमदी’ तरंगतात. गवत, नळ, मुळे, अर्धवट कुजलेला पाला आणि माती यांचे विणलेले हे तरंगते गालिचे असतात. हिमनगाप्रमाणे त्यांचा लहानसा भाग वर दिसतो, बाकीचा पाण्याखाली असतो. सरोवराच्या आग्नेयेस या फुमदी इतक्या दाट आहेत की तेथे ४० चौरस किलोमीटरचे केइबुल लामजाओ राष्ट्रीय उद्यान आहे. तरंगते राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याची ख्याती आहे. सांगाई हे हरीण निसर्गात फक्त तेथेच राहते. १९५१ मध्ये ते नामशेष झाल्याचे जाहीर झाले होते. १९५३ मध्ये ई. पी. जी यांना ते पुन्हा आढळले. १९७५ च्या हवाई पाहणीत १४ सांगाई मोजले गेले आणि १९७७ मध्ये राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. २०१६ च्या गणनेत हा आकडा २६० होता. चौदापासून दोनशे साठ, म्हणजे यशच म्हणावयाचे. यशच आहे ते, वनरक्षकांचे आणि स्थानिक लोकांचे. पण त्याखालची जमीन, म्हणजे ती तरंगती जमीन, पातळ होत चालली आहे.

माझी होडी वल्हविणारे गृहस्थ साठीच्या पुढचे होते. माझ्यासोबत आलेला तरुण मैतेई अधिकारी त्यांना ‘तामो’ म्हणत होता, म्हणून मीही तसेच म्हटले. एका फुमदीच्या कडेला त्यांनी होडी लावली आणि हातातला बांबू तिच्यात उभा खुपसला. बांबू लवकरच मोकळा झाला. मग त्यांनी हाताने दाखविले की त्यांच्या तरुणपणी तो छातीइतका जाई तेव्हा कोठे पाणी लागे. मी कारण विचारले. ते म्हणाले (तरुण अधिकाऱ्याने भाषांतर केले), ‘हा महिना सरोवराच्या जेवणाचा होता. आता त्याला जेवू देत नाहीत.’

मी हे वाक्य एखादी लोककथा समजून डायरीत टिपून घेतले. दिल्लीला परतल्यावर वाचन केले तेव्हा समजले की ती लोककथा नव्हती, तो शास्त्रीय खुलासा होता. पूर्वी हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळा सुरू होईपर्यंत सरोवराचे पाणी उतरत असे. तरंगत्या फुमदी खाली बसत, तळाच्या मातीला टेकत, त्यांची मुळे मातीत शिरून पोषण घेत. पाऊस आला की पाणी चढे आणि जाड, ताज्या झालेल्या फुमदी पुन्हा वर येत. सुट्या झालेल्या, जुनाट फुमदी पुराबरोबर वाहून मणिपूर नदीत जात आणि सरोवर आपले आपण साफ होई. १९८३ मध्ये मणिपूर नदीवरील इथाई बॅरेज सुरू झाले. लोकटाक जलविद्युत प्रकल्पाच्या प्रत्येकी ३५ मेगावॅटच्या तीन संचांना, म्हणजे एकूण १०५ मेगावॅटला, वर्षभर पाणी हवे. म्हणून सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७६८ मीटरवर बारमाही राखली जाऊ लागली. त्या दिवसापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये फुमदी तळाला टेकेनाशा झाल्या. मुळांना माती मिळेना, गालिचा झिजू लागला, हरणाचे खूर त्यातून आरपार जाऊ लागले. दुसरीकडे मुख्य सरोवरात सुट्या फुमदींना बाहेर जाण्याची वाट उरली नाही, त्या तेथेच साचू लागल्या. म्हणजे उद्यानात जेथे फुमदी हव्या तेथे त्या झिजतात, आणि जेथे नकोत तेथे कोंडतात. दोन्हींचे कारण एकच आहे.

माशांचेही तेच झाले. पेंगबा हा मणिपूरचा राज्यमासा. म्यानमारमधील चिंदविन नदीतून तो मणिपूर नदीवाटे विणीसाठी वर येत असे. इथाईला त्याची वाट बंद झाली. आज तो तळ्यांत पाळला जातो, नैसर्गिक पाण्यातून तो नाहीसा झाला आहे. राज्याने त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे, ही गोष्ट मी उपरोधाने सांगत नाही, पण वाचताना ती तशी वाटल्यास इलाज नाही.

यावर प्रशासनाने काय केले, ते पाहू. २००६ मध्ये सरोवराच्या संरक्षणाचा कायदा झाला. फुमदी काढण्यासाठी यंत्रे आणली गेली. आणि २०११ च्या नोव्हेंबरमध्ये, सरोवर प्रदूषित करतात असे कारण देऊन, फुमदींवर झोपड्या बांधून राहणाऱ्या मासेमारांच्या शेकडो झोपड्या पोलीस बंदोबस्तात जाळण्यात आल्या. मासेमार गोल आकारात फुमदी बांधून मासे पकडतात, त्यामुळे फुमदी वाढतात आणि पाण्यात घाण मिसळते, हा युक्तिवाद अगदीच खोटा नाही. पण त्यांपैकी अनेकांच्या किनाऱ्यावरील शेतजमिनी बॅरेजच्या फुगवट्याखाली गेल्या होत्या आणि म्हणूनच ते पाण्यावर राहावयास आले होते, हे त्या वेळी कोणाला आठवले नाही. सरोवराच्या आजारपणाची जी जी लक्षणे हाताने उचलता येण्यासारखी होती, ती उचलली गेली. फुमदी उचलल्या, झोपड्या उचलल्या. बॅरेजचे दरवाजे मात्र उचलले गेले नाहीत.

का? मी या व्यवस्थेत तीस वर्षे काढली आहेत, मला यात कट दिसत नाही. पाण्याची पातळी ऊर्जा खात्याच्या अखत्यारीत आहे. हरीण वनखात्याचे, मासा मत्स्यखात्याचे, किनारा महसूल खात्याचा, फुमदी सरोवर प्राधिकरणाच्या. प्रत्येक खाते आपापले काम करते आणि वर्षअखेर आपापले उद्दिष्ट पूर्ण झाल्याचे कळविते. फेब्रुवारी महिना मात्र कोणाच्याच खात्यात नाही. पाणी तीन महिने खाली उतरले पाहिजे, ही मागणी करण्याचा अधिकार आणि जबाबदारी ज्याच्याकडे आहे असा एकही अधिकारी या साखळीत नाही.

येथे मला उत्तर दिले जाईल की वीज महत्त्वाची आहे, ईशान्येकडील राज्यांना तिची गरज आहे, आणि दिल्लीत वातानुकूलित खोलीत बसून हरणांसाठी गळा काढणे सोपे आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण मी स्वतः अनेकदा तो इतरांवर घेतला आहे. म्हणून हिशोब करू. १०५ मेगावॅटचे तिन्ही संच नव्वद दिवस, चोवीस तास, पूर्ण क्षमतेने चालले असे धरले (कोरड्या ऋतूत असे कधी चालत नाहीत, तरीही धरू), तर २२ कोटी ६८ लाख युनिट वीज होते. युनिटला चार रुपये धरल्यास सुमारे ९१ कोटी रुपये. पातळी उतरविताना सर्वच वीज बुडेल असेही नाही, म्हणजे ही नुकसानीची अगदी वरची मर्यादा झाली, प्रत्यक्षातील आकडा यापेक्षा बराच कमी असेल. हा खर्च आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. उपसा सिंचनाचाही प्रश्न येईल. पण एवढा खर्च एकदा कागदावर लिहा, ‘लोकटाकच्या उतरत्या पाण्यासाठी विद्युत प्रकल्पाला द्यावयाची भरपाई’ असे लेखाशीर्ष उघडा, आणि मग संसदेला ठरवू द्या की देशाला ते परवडते की नाही. आज काय होते? आज ही भरपाई दिली जात नाही असे नव्हे. ती मोइरांगचा मासेमार देतो, बुडालेल्या शेताचा मालक देतो, सांगाई देते. फक्त ती कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून आपण तिला शून्य म्हणतो. २००८ मध्ये मी जे शून्य लिहिले, ते आणि हे एकाच जातीचे आहे.

बॅरेज पाडूनच टाका, अशी मागणी करणारेही आहेत. त्यांच्या दुःखाबद्दल मला आदर आहे. पण जे दरवाजे उघडता येतात ते आधी उघडून पाहावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

वाचकांचा असा समज होऊ नये की मी केवळ अभियंत्यांवर आणि वीजवाल्यांवर तुटून पडलो आहे. पर्यावरणाचे रक्षण करणाऱ्यांनीही तीच चूक केली आहे, आणि ती केली ती आपल्या देशातील सर्वांत नामांकित दलदलीत. भरतपूरचे केवलादेव, ज्याला तेथील लोक ‘घना’ म्हणतात, हे जेमतेम २९ चौरस किलोमीटरचे. तेथे पिढ्यानपिढ्या आसपासच्या गावांच्या म्हशी चरत असत. राष्ट्रीय उद्यान म्हटले की गुरे बाहेर, असा कायदा. १९८२ मध्ये चराईबंदी अंमलात आली, गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, त्यात माणसे गेली. सलीम अली यांच्यासारखे थोर पक्षितज्ज्ञही बंदीच्या बाजूने होते. हेतूविषयी शंका घेण्यास जागाच नाही.

पुढे काय झाले? म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात असत ते, पास्पॅलम नावाचे, खाणारे कोणी उरले नाही. त्याने उघडे पाणी व्यापले. मासे घटले, ज्या पाणपक्ष्यांना मोकळे उथळ पाणी लागते त्यांना जागा उरेना. हे शोधून काढले ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी, १९८० च्या दशकभर चाललेल्या अभ्यासात. म्हणजे ज्या संस्थेचे अध्वर्यू बंदीचे समर्थक होते, त्याच संस्थेने बंदीमुळे हानी झाल्याचे पुराव्यानिशी मांडले. मला या प्रामाणिकपणाचा फार अभिमान वाटतो. आपली चूक आपणच सप्रमाण छापणारे किती सरकारी विभाग तुम्हांला ठाऊक आहेत? (मला एकही आठवत नाही, माझा धरून.) शेवटी गवत काढण्यासाठी यंत्रे लावावी लागली आणि गावकऱ्यांना गवत कापण्यासाठी आत बोलवावे लागले. म्हशींनी जे काम फुकट केले असते, त्याचे देयक निघू लागले. त्यातच वरच्या अंगाला पांचना धरण झाले, गंभीर नदीचे पाणी अडले, २००४ च्या सुमारास तर घना कोरडा पडण्याची वेळ आली. सायबेरियन क्रौंच तेथे शेवटचे २००१-०२ च्या हिवाळ्यात दिसले. त्यांच्या न येण्याला अनेक कारणे आहेत, वाटेत होणारी शिकारही त्यांत आहे. सर्व दोष घनाच्या माथी मारणे बरोबर होणार नाही.

घना आणि लोकटाक या दोन्ही जागांची नावे धोक्यातील रामसर स्थळांच्या ‘माँत्रो नोंदवही’त आहेत, घनाचे १९९० पासून आणि लोकटाकचे १९९३ पासून. ओडिशातील चिलिकाचेही नाव १९९३ मध्ये त्यात गेले होते, २००२ मध्ये ते काढले गेले. चिलिकात काय केले? कुंपण घातले नाही, झोपड्या जाळल्या नाहीत. गाळाने समुद्राशी संबंध तुटत चालला होता, म्हणून २००० च्या सप्टेंबरमध्ये समुद्राला मिळणारे नवे मुख खोदले. भरती-ओहोटी पुन्हा आत आली, खारे-गोडे पाणी पुन्हा मिसळले, मासे परतले. पाण्याला त्याचे येणे-जाणे परत दिले. हे करणारेही सरकारी अधिकारीच होते, म्हणून ते आपल्याला जमत नाही असे म्हणण्याची सोय नाही.

आता कायद्याकडे वळू. पाणथळ जागांसंबंधीचे २०१७ चे नियम पाहा. मागील दहा वर्षांतील सरासरी पूरपातळीपासून पन्नास मीटरच्या आत पक्के बांधकाम नको, असे त्यात म्हटले आहे. चांगली तरतूद आहे. पण निषिद्ध गोष्टींच्या त्या संपूर्ण यादीत पाण्याच्या नीचांकी पातळीविषयी एक शब्दही नाही. पाणी कोठवर चढते, हे नियमाला माहीत आहे. ते कोठवर उतरले पाहिजे, हे त्याने विचारलेले नाही. शिवाय याच नियमांनी सिंचनासाठी व पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय, भातशेती, मिठागरे ही सारी व्याख्येतून वगळली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षणाचे तत्त्व लागू केले, ही मोठी गोष्ट झाली. मात्र या सर्व सव्वादोन हेक्टरांपेक्षा मोठ्या. त्याहून लहान अशा ५,५५,५५७ जागा नकाशासंग्रहात ठिपका म्हणून उरल्या. उत्तर प्रदेशात इटावा, मैनपुरीकडे प्रवास करताना रेल्वेच्या खिडकीतून सारसाची जोडी दिसते. माणसाएवढा उंच हा पक्षी, त्या राज्याचा राज्यपक्षी. तो अनेकदा गावाकडेच्या अशाच एखाद्या डबक्यात, शेताच्या पाणथळ कोपऱ्यात, गवता-नळांचा ढीग रचून घरटे करतो. त्याला सव्वादोन हेक्टरांची अट कोणी कळविलेली नाही.

माझे सांगणे फारसे क्रांतिकारक नाही. पडीक जमिनींच्या वर्गीकरणातून दलदल काढून टाकावी, त्यासाठी नवा कायदा लागत नाही, एका परिपत्रकाने ते होईल. प्रत्येक अधिसूचित पाणथळ जागेच्या दस्तऐवजात महिन्यागणिक पाण्याची पातळी असावी, किती चढावी तशी किती उतरावी हेही, आणि ती राखण्यास एक नामनिर्देशित अधिकारी जबाबदार असावा. लोकटाकमध्ये एका कोरड्या ऋतूत तरी पातळी उतरवून पाहावी आणि फुमदीची जाडी आधी व नंतर मोजावी. २०२३ च्या मे महिन्यापासून मणिपुरात जे घडले आहे त्यानंतर हरणांची आणि गवताची गोष्ट काढणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. मला त्यांचे म्हणणे कळते. पण किनाऱ्यावरच्या माणसाची उपजीविका आणि सरोवराची तब्येत या दोन वेगळ्या फायली आहेत, असे मानूनच आपण येथवर आलो आहोत.

माझ्या सध्याच्या टेबलावर गेल्या महिन्यात पुन्हा असाच एक प्रस्ताव आला. राज्य दुसरे, वापर दुसरा, रकाने मात्र तेच. ‘पडीक, दलदलीची.’ उत्पन्न शून्य. मी फाईल एका प्रश्नासह परत पाठविली आहे, जागेची पाहणी कोणत्या महिन्यात केली होती? एका तरुण सहकाऱ्याने मला विचारले की या प्रश्नाचा प्रस्तावाशी संबंध काय. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागविला आणि तामोंच्या बांबूची गोष्ट सांगितली. राज्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. स्मरणपत्र पाठविले आहे.